वरच्या मजल्यावरच्या उड्या

गाडीच्या बॉनेटवर रंगाखाली धुळीचा एक कण अडकला असेल, तर तो मला चार हातांवरून दिसतो. चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये वीस-बावीस वर्षं काढल्यावर डोळ्यांना दुसरं काही दिसेनासं होतं. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मी आधी ताट तिरकं करून उजेडात धरतो. बायको म्हणते, "अहो, जेवायचं ताट आहे ते. इन्स्पेक्शनला नाही आलेलं."

माझी दुसरी खोड अपराधीपणाची. कुणाच्या घरी गप्पा मारत बसलो आणि आत दूध उतू गेलं, तर ते माझ्यामुळेच गेलं असं मला दोन दिवस वाटत राहतं. या दोन्ही खोडी एकाच माणसात असल्या की काय होतं, ते मागच्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलं.

रहाटणीत आमच्या इमारतीत आमचे दोन फ्लॅट आहेत. दुसऱ्या मजल्यावर आम्ही नवराबायको राहतो. त्याच्या बरोबर खालचा, पहिल्या मजल्यावरचा, मुलासाठी म्हणून घेतला होता. पण मुलगा नोकरीला बंगळूरला गेला आणि तो फ्लॅट आयटीतल्या पोरांना भाड्याने द्यायची सवय लागली. ती पोरं वाकडला नवीन टॉवरमध्ये गेली तेव्हा एजंटने विचारलं, परदेशातून उपचाराला आलेलं कुटुंब चालेल का? जवळच्या हॉस्पिटलात त्यांच्या मुलीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे, पाच-सहा महिने राहतील.

मी बिचकलो. परदेशातले लोक इथे कशाला येतील, आपल्यातले श्रीमंत तिकडे जातात असंच मी ऐकत आलो होतो. एजंट म्हणाला, त्यांच्या देशात हा उपचार मिळणं अवघड, युरोपात जाणं त्यांच्या सात पिढ्यांना जमायचं नाही, आणि आपल्याकडे तेच काम त्यांना झेपेल अशा खर्चात होतं. मग मी हो म्हटलं.

आली ती टांझानियाची एक प्राथमिक शिक्षिका आणि तिच्या दोन मुली. नवरा तिकडेच ट्रक दुरुस्तीचं गॅरेज सांभाळत राहिला होता, कारण गॅरेज बंद ठेवलं असतं तर इथला खर्च कुठून आला असता? मोठी मुलगी सोळा वर्षांची, उंच, सतत काहीतरी गुणगुणणारी. धाकटी आठ-नऊ वर्षांची. तिला सिकलसेल होता. आईने मला समजावून सांगितलं की तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हातापायांची हाडं इतकी दुखतात की पोर रात्ररात्र ओरडते. खेळली, धावली, थंड पाण्यात भिजली, की दुखणं आलंच. म्हणून ती खेळत नसे. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थांबायची आणि जणू काही खिडकीतून बाहेर बघायलाच थांबली आहे असं दाखवायची. मोठीचा मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, तिला जुळला होता. तो हिच्या अंगात रुजला तर दुखणं मुळातूनच जाणार होतं. नाही रुजला तर काय, ते आईने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी चहा आणि चपात्या नेऊन दिल्या. शिक्षिकाबाई चकित झाल्या, कारण त्यांच्याकडे चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात. त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच. एक मराठीत बोलायची, दुसरी इंग्रजीत, आणि मला मध्ये कुणी येऊ देत नसे. इमारतीतली पोरं मला काका म्हणतात, म्हणून मुलीही काका म्हणू लागल्या. त्यांच्या भाषेत काका म्हणजे मोठा भाऊ असं पुढे कळलं, तेव्हा बायकोला हसू आवरेना. म्हणे, या मुली माझ्या, तर त्यांचा मोठा भाऊ म्हणजे या वयात अजून एक पोर माझ्या पदरात, तेही टकलं.

ट्रान्सप्लांटसाठी धाकटीला हॉस्पिटलात महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचं होतं. आधी औषधांनी तिचा जुना मॅरो पूर्ण मोकळा करायचा, मग बहिणीचा द्यायचा. त्या काळात अंगात प्रतिकारशक्ती म्हणून काही उरत नाही. नंतर घरी आल्यावरही कित्येक आठवडे फार जपायचं. जाताना आईने मला सांगितलं की घर अगदी स्वच्छ हवं, धूळ नको, फुलं नकोत, कुंड्या नकोत.

तिने 'धूळ नको' म्हटलं आणि मला जणू जन्माचं काम मिळालं.

दुसऱ्याच दिवशी मी माझ्या शॉपमधल्या दोस्ताला घेऊन खालच्या फ्लॅटमध्ये शिरलो. हा चाकणजवळच्या गावचा, घरची थोडी शेती, दोन म्हशी, आणि कारखान्यात टच-अपचं काम. आमच्या पेंट बूथमध्ये, म्हणजे गाडी रंगवायच्या बंद खोलीत, जे करतो ते सगळं आम्ही तिथे केलं. खिडक्यांच्या फटींना मास्किंग टेप लावली. दाराला प्लॅस्टिकचा पडदा. बाहेर चपलांचा खण, आत स्वच्छ सपाता. आणि बूथमधला सगळ्यांत जुना नियम: जमीन ओली ठेवायची. ओल्या जमिनीवर बसलेली धूळ परत उडत नाही. म्हणून मी शिफ्टला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा सगळ्या खोल्यांतून भरपूर पाण्याने पोछा मारायचो. उंबऱ्यावर ओलं गोणपाट अंथरलं. बेडरूमच्या पडद्यांवर फवाऱ्याने पाणी मारलं. श्रावणाचे दिवस होते, बाहेर हवाही ओलीच. पहिल्या आठवड्यात शिक्षिकाबाई एकदा कपडे न्यायला आल्या तेवढ्याच, बाकी महिनाभर मी त्या घरात कुणाला येऊ दिलं नाही. आई आणि मोठी बहीण हॉस्पिटलजवळच राहत होत्या. बायकोने एकदा दारातून डोकावून विचारलं, "इथे भात लावायचाय का?" मी तिला सांगितलं, तुला यातलं कळत नाही.

हॉस्पिटलातून बातम्या येत होत्या. औषधं देऊन झाली. केस गेले. मोठीच्या कंबरेच्या हाडातून मॅरो काढला. दुसऱ्या दिवशी तिने कंबर धरून व्हिडिओ कॉलवर सांगितलं की मी आता म्हातारी झाले आहे, मला पेन्शन हवी. मग धाकटीला तो दिला. ऑपरेशन वगैरे काही नाही, रक्त देतात तशी एक पिशवी लावली आणि संपलं. त्यानंतर फक्त वाट पाहायची. बरेच दिवस काही घडलं नाही. मग एका सकाळी आईचा निरोप आला की पेशी वाढायला लागल्या. मी कंपनीच्या बसमध्ये होतो. शेजारी दोस्त पेंगत होता. त्याला कोपराने ढोसून सांगितलं, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "व्हय? मग आता पेढे आन." आणि परत झोपला.

घरी सोडायच्या तीन दिवस आधी हॉस्पिटलची नर्स घर बघायला आली. साताऱ्याकडची बाई, चाळिशीची, आवाज खणखणीत. मी दारात तिला सपाता दिल्या, प्लॅस्टिकचा पडदा उचलून धरला आणि पेंट शॉप बघायला आलेल्या साहेबांना दाखवतो तसं सगळं दाखवायला लागलो. ती कोपरे बघत पुढे गेली. बेडरूममध्ये गेल्यावर थांबली आणि नुसता वास घेतला. मग कपाट जरा पुढे ओढायला सांगितलं.

कपाटामागची भिंत खालपासून गुडघ्यापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरली होती.

"काका, किती पाणी मारलंत?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"धूळ बसवलीत, पण बुरशी पोसलीत," ती म्हणाली. "धुळीचं आम्ही बघून घेऊ. ट्रान्सप्लांट झालेल्या पोरांच्या छातीत बुरशी गेली तर फार वाईट असतं. या घरात मी तिला आणू देणार नाही."

ती रागावली नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं. तिने मला शांतपणे समजावलं की कोरडं घर हवं, उन्हाचं, वारा खेळणारं. ती बुरशी घासून, भिंत वाळवून घर तयार व्हायला काही आठवडे जातील. तोवर दुसरी जागा बघावी लागेल. हॉस्पिटलातली खोली पुढच्या मुलासाठी हवी आहे. आणि तीन दिवसांत हॉस्पिटलजवळ दुसरी जागा मिळणं किती अवघड, ते मला ठाऊक होतं.

दोस्ताला फोन केला तर तो लगेच आला. कपाटामागे वाकून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "राव, आमच्या गोठ्यात बी एवढी वल न्हाई," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याने जरा सावरून घेतलं, की टेप लावायला तोही होता, म्हणजे निम्मं पाप त्याचं.

मी वर गेलो. बायको पोळ्या करत होती. मी सगळं सांगितलं. आठ वर्षांची पोर समुद्र ओलांडून आली, सगळं सोसलं, आता तिला परत धोका कुणाचा, तर माझ्या पाण्याच्या बादलीचा. बायकोने पोळी उलटली, फुगू दिली, खाली काढली. मग गॅस बंद केला आणि घराकडे नजर फिरवली. आमचा फ्लॅट पश्चिमेचा. दुपारी ऊन थेट हॉलच्या मधोमध येतं. उन्हाळ्यात आम्ही त्याला शिव्या देतो.

"आपलं घर कोरडं आहे," ती म्हणाली. "त्यांना इथे आणा. आपण खाली जाऊ."

"अगं, पण ती बुरशी..."

"आपल्या छातीला काय होतंय? घासू, वाळवू, राहू. तुम्हाला तर तिथेच राहायला पाहिजे, रोज बघत."

पुढचे दोन दिवस आमच्याकडे जे चाललं, त्याला घर बदलणं म्हणायचं की वरात, मला माहीत नाही. शॉपमधली पाच-सहा माणसं शिफ्ट संपवून थेट बसने आमच्याकडे उतरली. गाद्या, पंखे, गव्हाचे डबे, देव्हारा, सगळं एक मजला खाली गेलं. लोणच्याची बरणी बायकोने स्वतः नेली, कारण मागे एकदा मी ती तिरकी करून उजेडात धरली होती. गॅलरीतल्या कुंड्या गच्चीवर, तुळससुद्धा. दोस्ताने म्हशींच्या गोठ्यातला हॅलोजनचा मोठा दिवा आणला आणि खालच्या बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून लावला. सगळ्या टेपा फाडून खिडक्या सताड उघडल्या. भिंत वाळताना एक जण म्हणाला, आता रंग भाजायच्या ओव्हनसारखं टेंपरेचर धरून ठेवा, नाहीतर साहेबांच्या रंगाला फोड येतील. वरचा मोकळा फ्लॅट कोरड्या फडक्याने, हलक्या हाताने पुसून काढला. मला पाण्याला हात लावू दिला नाही. बादली दोस्ताने जिन्यात नेऊन ठेवली.

नर्स परत आली, वरचा फ्लॅट कोपऱ्याकोपऱ्यातून पाहिला, वास घेतला आणि मान हलवली. जाताना मला म्हणाली, चुका सगळे करतात, पण घर बदलून देणारा पहिल्यांदा पाहिला. मी तिला सांगितलं, ते बायकोचं काम. ती म्हणाली, "तेही ओळखलं मी."

आता शिक्षिकाबाईंना सांगायचं होतं. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये त्यांना गाठलं. माझं इंग्रजी कारखान्यातलं. त्यात डिफेक्ट, रिवर्क, रूट कॉज असे शब्द भरपूर आहेत, पण मनातलं सांगायला एकही नाही. मी 'माय मिस्टेक' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, आणि पाणी मारल्याची खूण करून दाखवत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की त्यांची आई रोज पहाटे अंगणात पाणी शिंपडते, धूळ बसावी म्हणून. आम्हीही सडा घालतो, मी म्हटलं, तेही हातानेच दाखवून. त्या हसल्या.

"पहिल्या आठवड्यात मी कपडे न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "तुमची जमीन ओली होती. मला आईच्या घराचा वास आला. मलाही वाटलं, किती छान. तेव्हा चूक तुमच्या एकट्याची नाही, आपल्या दोघांच्या आयांची आहे."

मी त्या वेळी हसलो नाही. बसस्टॉपवर आल्यावर मात्र एकटाच हसायला लागलो, आणि शेजारची माणसं जरा सरकून उभी राहिली.

अशी धाकटी आमच्या घरात राहायला आली आणि आम्ही तिच्या खाली. मास्क लावून, हात धुऊन, दारात उभं राहून तिला भेटायची परवानगी होती. तिचं डोकं गुळगुळीत झालं होतं. मोठी तिला चिडवायची की आता तुझ्या अंगात माझं रक्त तयार होतंय, तेव्हा तू माझं ऐकलं पाहिजेस, आणि तुझं गणितही सुधारेल. धाकटीने एकदा थकलेल्या आवाजात सांगितलं, "गणित परत घेऊन जा. बाकीचं ठेवते."

मी मात्र तिला दारातून पाहण्यापेक्षा खालून ऐकायचो जास्त. आमच्या इमारतीचा स्लॅब पातळ. वर कुणी खुर्ची ओढली तरी खाली कळतं. आईची पावलं भराभर जायची. मोठीची नाचत. धाकटीची सुरुवातीला ऐकूच यायची नाहीत. मग काही दिवसांनी सपाता घासत चालल्याचा आवाज यायला लागला, पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि परत. मी पेपर वाचता वाचता थांबायचो. बायको म्हणायची, वर बघून काय दिसणार आहे?

एका दिवशी सेकंड शिफ्ट असल्याने मी सकाळी घरी होतो, आणि वर काहीच आवाज नव्हता. कुलूप होतं. धाकटीला ताप भरला म्हणून पहाटेच हॉस्पिटलात नेलं होतं. मी त्या दिवशी कामावर गेलो, पण माझ्या डोळ्यांसमोरून कितीतरी खराब पॅनेल तशीच पुढे गेली. दोस्ताने ती परत ओढून आणली आणि मला बाजूला बसवलं. माझ्या डोक्यात एकच होतं, ती काळी भिंत. बुरशी जिन्याने वर गेली असणार. माझ्या कपड्यांवरून गेली असणार. मी दारात उभा राहिलो तेव्हा गेली असणार. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू डॉक्टर हायेस का? न्हाई ना? मग गप बस आन डबा खा."

ताप छातीत नव्हताच. औषधं द्यायला छातीपाशी जी नळी बसवली होती, तिचा संसर्ग होता. डॉक्टरांनी ती काढली, औषधं दिली, ताप उतरला. घराशी त्याचा काही संबंध नाही असं आईने मला मुद्दाम खाली येऊन सांगितलं. मी विचारलं, नक्की? त्यांनी ते दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी विचारायच्या आत बायकोने मला कांदे आणायला पाठवलं.

त्यानंतर वरचे आवाज वाढत गेले. सपाता घासणं थांबलं आणि पाय उचलून टाकल्यासारखी पावलं आली. काहीतरी पडल्याचा आवाज, मागून आईचा ओरडा. एकदा बराच वेळ काहीतरी घरंगळत होतं. बायको म्हणाली माझं दुसरं लाटणं तिथेच राहिलंय, तेच असणार. दिवाळीनंतर डोक्यावर बारीक कुरळे केस आले. तपासणीचे निकाल चांगले येत होते. पेशी सगळ्या बहिणीच्या झाल्या होत्या. मोठीने ते प्रमाणपत्र मिळाल्यासारखं इमारतभर सांगितलं.

मग एका रविवारी आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. वर धप्प आवाज झाला. परत धप्प. मग एका लयीत, धप्प, धप्प, धप्प. मला वाटलं मोठी दोरीवरच्या उड्या मारते आहे. पंखा हलायला लागला. बघता बघता डोक्यावरच्या छताचा पोपडा, जो ओलीने आधीच सुटला होता, सरळ माझ्या आमटीत पडला. थोडी भुकटी डोक्यावर.

"जा, सांगून या जरा," बायको म्हणाली. "जेवण होईपर्यंत तरी."

मी हात धुऊन वर गेलो. दार उघडंच होतं. हॉलमध्ये उन्हाच्या मधोमध उड्या मारत होती ती धाकटी. दोरी अडकत होती, ती पाय सोडवत होती आणि पुन्हा सुरू करत होती. मोठी एका बाजूला कमरेवर हात ठेवून कोचसारखी उभी. आई भिंतीला टेकून त्यांच्या भाषेत उड्या मोजत होती.

धाकटीने मला पाहिलं, थांबली नाही. धापा टाकत इंग्रजीत म्हणाली, "काका, सकाळी पण मारल्या. आणि आता काहीच दुखत नाहीये."

आईचं लक्ष माझ्या डोक्यावरच्या भुकटीकडे गेलं. त्यांना एकदम कळलं, आणि त्या मुलीला थांबवायला पुढे झाल्या. मी हात आडवा केला. मोठीच्या पायाशी दुसरी दोरी पडली होती. ती उचलून तिच्या हातात दिली आणि खाली आलो.

बायकोने माझी वाटी बदलून ठेवली होती. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

वर दोन दोऱ्या सुरू झाल्या. पहिल्यापेक्षा दुप्पट आवाज, आणि त्यातली एक लय दर थोड्या वेळाने तुटत होती, पुन्हा जुळत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "भात गार होतोय."